विंगच्या झेंड्यावर कोणतं फूल घेऊ? ठाणे-नवी मुंबईकरांनो, मदत!

मुक्ता_नेरूळ
१४ एप्रिल, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

आमची सोसायटी नेरूळला, चार विंग. दरवर्षी १ मे ला झेंडावंदन झालं की मुलांच्या शर्यती, बायकांची रस्सीखेच आणि संध्याकाळी बॉक्स क्रिकेट असतं. गेल्या वर्षी कमिटीने टूम काढली की प्रत्येक विंगने आपापला झेंडा आणायचा, रंग तुमचा तुम्ही ठरवा. तर तीन विंगा भगवा घेऊन हजर आणि चौथीचा पण भगवाच, फक्त धुऊन धुऊन फिका पडलेला. रस्सीखेचीत कोण कुणाच्या बाजूने ओरडतंय तेच कळेना. म्हणून यंदा नियम असा की प्रत्येक विंगचं एक फूल आणि तेच झेंड्यावर.

आमच्या ए विंगचं काम माझ्या गळ्यात पडलंय कारण माझ्या बाल्कनीत बारा कुंड्या आहेत (त्यातल्या सात मनी प्लांटच्या, पण ते कोण बघतं). मी म्हटलं महाराष्ट्र दिन आहे तर राज्यफूल ताम्हण घेऊ, गेटजवळ झाड पण आहे. पण टेलरकाकांना मोबाईलवर फोटो दाखवला तर म्हणाले, "ताई, एवढ्या चुण्या? हे फूल आहे का परकर?"

तर प्रश्न दोन. खऱ्या झेंड्यांवर फुलं असतात का, आणि असली तर ते लोक ती कशी बसवतात? आणि दुसरं म्हणजे आम्ही काय घ्यावं, जे लांबून दिसेल, शिवता येईल आणि आपलं वाटेल? २५ तारखेच्या आत कापड आणायचंय.

चहाटळ
१४ एप्रिल, रात्री ९:४९

कमळ घ्या. धागा संपला. (हलकेच घ्या)

मुक्ता_नेरूळ
१४ एप्रिल, रात्री ९:५५

@चहाटळ, डी विंगने तेच सुचवलं होतं. पाच मिनिटांत ग्रुपवर एवढं महाभारत झालं की चेअरमननी ग्रुप 'फक्त अॅडमिन' करून टाकला. अजून तसाच आहे, पाणी येणार नाही हे पण कुणाला विचारता येत नाहीये.

टिटवी
१४ एप्रिल, रात्री १०:०३

झेंडू! नावातच झेंडा आहे.

येऊरवाला
१४ एप्रिल, रात्री ११:२०

झेंडू मूळचा मेक्सिकोचा आहे टिटवीताई, पण आता तो इतका आपला झालाय की त्याला बाहेरचा म्हणायची माझी छाती नाही.

मुक्ताताई, ताम्हण सोडू नका. ताम्हण म्हणजे जारूळ, आपल्या कोकणात ओढ्यांच्या काठाने आपोआप वाढणारं झाड, लाकूड एवढं टिकाऊ की होड्यांना वापरतात. फुलतं नेमकं एप्रिल-मे मध्ये म्हणजे महाराष्ट्र दिनाला याच्याइतकं हजर असणारं दुसरं फूल नाही. आता एक काम करा, उद्या सकाळी गेटपाशी खाली पडलेलं एक फूल उचला आणि तळहातावर ठेवून नीट बघा. पाकळ्या बहुतेक वेळा सहा. प्रत्येक पाकळी बुडाशी बारीक देठासारखी असते आणि वर एकदम पसरते, कडा झालरीसारख्या. मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. दोन पाकळ्यांच्या बुडांमधे फट असते, त्यातून खालचा हात दिसतो. लोक झाडाखालून रोज जातात आणि ही फट कुणी बघितलेली नसते. टेलरला फोटो दाखवू नका, फोटोत सगळा घोस येतो आणि माणूस घाबरतो. एक सुटं फूल दाखवा.

जाता जाता, दर जांभळं फूल म्हणजे ताम्हण नव्हे. आमच्याकडे वसंत विहारला एकाने जॅकरंडाखाली उभं राहून 'राज्यफुलासोबत सेल्फी' टाकला होता.

पामबीच_पंत
१५ एप्रिल, सकाळी ७:१५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते आपल्या दसऱ्यापर्यंत येतं, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

मी नोकरीनिमित्त चार वर्षं हाँगकाँगला होतो. त्यांचा झेंडा आठवा, लाल कापडावर पांढरं पाच पाकळ्यांचं फूल, पाकळ्या भिंगरीसारख्या एका बाजूला कललेल्या आणि प्रत्येक पाकळीत एक लाल चांदणी. १ जुलै १९९७ ला ब्रिटिश गेले आणि हा वर चढला. ते फूल म्हणजे बॉहिनिया, मराठीत कांचन. पहिल्या वर्षी मी ऑफिसच्या खाली ते झाड फुललेलं बघितलं आणि सहकाऱ्याला विचारलं की हे कोणतं, तो म्हणाला अरे हेच की झेंड्यावरचं! मी म्हटलं झेंड्यावरचं पांढरं आहे आणि हे तर झकास गुलाबी-जांभळं आहे. त्याने खांदे उडवले. खरं फूल पांढरं नाहीच. झेंड्यावर पांढरं केलंय.

पुढे वाचत गेलो तर आणखी गंमत. हे झाड १८८० च्या सुमारास तिथल्या पोक फू लाम भागात समुद्राकाठी एका फ्रेंच मिशनऱ्याला सापडलं. ते दोन कांचनांचा नैसर्गिक संकर आहे, म्हणून त्याला बी धरत नाही. म्हणजे आज जगात त्याची जेवढी झाडं आहेत ती सगळी कलमाने झालेली, हापूससारखी. १९०८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते तिथले गव्हर्नर ब्लेक यांच्यावरून. १९६५ साली ते शहराचं फूल झालं आणि मग झेंड्यावर गेलं. ज्याला स्वतःची बी नाही असं झाड एका अख्ख्या शहराची खूण, मला तरी हे फार आवडलं.

आणि बॉहिनिया हे नाव बॉहिन नावाच्या दोन भावांवरून आलंय, दोघंही वनस्पतींचे अभ्यासक. कारण याचं पान दोन जोडलेल्या भागांचं असतं. ओळखीचं वाटतंय का पान? आपला आपटा त्याच कुळातला.

टिटवी
१५ एप्रिल, सकाळी ७:४०

म्हणजे दसऱ्याला आपण हाँगकाँगच्या झेंड्याची पानं वाटतो??

चहाटळ
१५ एप्रिल, सकाळी ७:४४

सोनं घ्या, मंदारिनसारखं बोला. हसून हसून पुरेवाट

येऊरवाला
१५ एप्रिल, सकाळी ८:३०

पंत, सुंदर प्रतिसाद. टिटवी, तुम्ही गमतीत बोललात पण अर्धं खरं आहे. आपटा वेगळा आणि कांचन वेगळा, भावकी एकच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्यावर जे ढीग विकायला असतात त्यात कांचनाची पानं सर्रास असतात. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत. कांचनाचं मोठं आणि पातळ. निम्मं ठाणं दरवर्षी खोटं सोनं वाटतं. आणि त्यासाठी येऊरच्या पायथ्याची झाडं ओरबाडतात तो विषय काढला तर मी थांबणार नाही, म्हणून इथेच थांबतो.

रक्तकांचन आणि हा हाँगकाँगवाला दोन्ही आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात. नोव्हेंबरनंतर फुललेला दिसला आणि पुढे झाडाला एकही शेंग धरली नाही तर समजा तो हाँगकाँगचा.

बाबा_डोंबिवलीकर
१५ एप्रिल, सकाळी १०:०५

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. झेंड्यावर फूल असूच नये. झेंडा असा हवा की पहिलीतल्या पोराला पाटीवर आठवून काढता आला पाहिजे. जपानचा बघा, एक गोळा, संपलं. फूल आलं की पाकळ्या आल्या, पुंकेसर आले, छटा आल्या. मग ते झेंडा राहत नाही, साडी होते. ताम्हणीच्या सहा चुणीदार पाकळ्या वीस फुटांवरून काय दिसणार आहेत? जांभळा डाग.

पामबीच_पंत
१५ एप्रिल, सकाळी १०:३०

अहो बाबा, म्हणूनच त्यांनी भिंगरी केली ना. झेंड्यावरचं फूल म्हणजे फूल नसतंच, फुलाची सही असते.

यवतमाळी
१५ एप्रिल, दुपारी १:१२

आता मला लिहावंच लागेल. मी मूळचा यवतमाळचा, अठरा वर्षं झाली ऐरोलीत, पण फुलांचा विषय निघाला की सगळे कोकणावरच थांबता राजेहो.

ऑस्ट्रेलियात नॉर्दर्न टेरिटरी म्हणून मोठा थोरला रखरखीत प्रदेश आहे. त्यांच्या झेंड्यावर मोठं पांढरं फूल आहे, मागे गेरूचा रंग आणि काठीच्या बाजूला काळा पट्टा त्यावर पाच तारे. फुलाचं नाव स्टर्ट्स डेझर्ट रोझ. नाव रोझ आहे पण गुलाबाशी काही संबंध नाही, ते कापसाच्या कुळातलं झुडूप आहे, गॉसिपियम. म्हणजे आमच्या पऱ्हाटीची बहीणच! मी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा पान आणि फुलाचा ठेवा बघून म्हटलं, हे तं कपाशी आहे बाप्पा.

आणि बाबांच्या मुद्द्याला उत्तर पण त्यातच आहे. खऱ्या फुलाला पाकळ्या पाच, कपाशीला असतात तशाच. झेंड्यावर मात्र सात काढल्यात! कारण ऑस्ट्रेलियाची सहा राज्यं आणि सातवी ही टेरिटरी. खरं फूल फिकट जांभळं, बुडाशी लाल. झेंड्यावर पांढरं, मधे काळं. १ जुलै १९७८ ला त्यांना स्वतःचा कारभार मिळाला त्या दिवशी हा झेंडा लागला. कारभारासाठी दोन पाकळ्या वाढवल्या, झाडाला कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पांढरट-पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी होऊन मिटतं. लहानपणी आम्ही पहाटे वावरात गेलो की एकाच झाडावर दोन रंग दिसायचे, आई म्हणायची आजचं पांढरं, कालचं गुलाबी. असं फूल झेंड्यावर घेतलं तर रोज झेंडा बदलावा लागेल.

मुक्ता_नेरूळ
१५ एप्रिल, दुपारी १:३०

यवतमाळी, काय लिहिलंय! पाकळ्या वाढवता येतात हे वाचून मला एकदम हलकं वाटलं. आमची कमिटी नऊ जणांची आहे, बघा.

चहाटळ
१५ एप्रिल, दुपारी १:३३

त्यातल्या चार पाकळ्या मीटिंगला येत नाहीत, गळून गेलेल्या दाखवा.

लोकमान्यनगर_ते_लीड्स
१५ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

मी सध्या इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये. इथला झेंडा निळ्यावर पांढरा गुलाब, शेजारच्या लँकशरचा लाल गुलाब. पंधराव्या शतकात दोन घराण्यांची लढाई झाली तिला गुलाबांचं युद्ध म्हणतात ते तुम्हाला माहीतच असेल. आता लढाई क्रिकेट मॅचला होते आणि ऑफिसात. १ ऑगस्टला यॉर्कशर डे असतो, त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये पण झेंडे लागतात.

यात दोन मजेच्या गोष्टी. एक म्हणजे पांढरा गुलाब कोणत्या बाजूने वर धरायचा, टोकाला पाकळी यावी की पाकळ्यांमधलं हिरवं पान, यावर इथे लोक खरोखर वाद घालतात, भाग बदलला की पद्धत बदलते. दुसरं म्हणजे लँकशरवाले झेंड्याची नोंद करायला गेले तेव्हा पांढऱ्यावर लाल गुलाब हा झेंडा स्कॉटलंडमधल्या माँट्रोझ नावाच्या गावाने आधीच नोंदवलेला निघाला, मग यांना पिवळ्यावर लाल गुलाब घ्यावा लागला. नंबर प्लेटसारखं झालं, आवडता नंबर गेलेला असतो.

तर मुक्ताताई, आधी बाकीच्या विंगांनी काय घेतलंय ते बघा.

कळवा_ब्रिज
१५ एप्रिल, रात्री ९:१०

यॉर्कशर-लँकशर म्हणजे ठाणे आणि नवी मुंबई. आमच्याकडे तलाव, तुमच्याकडे नोड.

मुक्ता_नेरूळ
१५ एप्रिल, रात्री ९:१४

आमच्याकडे फ्लेमिंगो!

कळवा_ब्रिज
१५ एप्रिल, रात्री ९:१५

आणि डास.

बेलापूर_टू_कॅलगरी
१६ एप्रिल, सकाळी ६:०२

डासांवरून आठवलं. कॅनडात न्यूफाउंडलंड अँड लॅब्रडॉर हा प्रांत आहे, त्यांचं अधिकृत फूल म्हणजे पिचर प्लांट, किडे पकडून खाणारी वनस्पती! दलदलीत उगवते. नेरूळला याहून चांगलं फूल मिळणार नाही.

कॅनडाच्या राष्ट्रीय झेंड्यावर मेपलचं पान आहे, फूल नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रांतांच्या झेंड्यांवर फुलं आहेत. सस्कॅचवानचा झेंडा वर हिरवा खाली पिवळा, म्हणजे उत्तरेचं जंगल आणि दक्षिणेची धान्याची शेतं, आणि त्यावर उजवीकडे रानटी लाल लिली, पूर्ण देठापानांसकट. १९६९ चा आहे. बाबांना आवडणार नाही, ती पाटीवर काढता येणार नाही. यूकॉनच्या झेंड्यावर मधल्या चिन्हाच्या खाली फायरवीडच्या दोन फांद्या आहेत, ही गुलाबी फुलं जंगल जळून गेलं की तिथे सगळ्यात आधी उगवतात. मी गाडीने जाताना मैलोन्मैल बघितलीत, काळे जळके बुंधे आणि खाली सगळं गुलाबी.

पण सगळ्यात भारी किस्सा क्यूबेकचा. त्यांच्या १९४८ च्या झेंड्यावर चार पांढरी फुलं आहेत, फ्रेंच राजांच्या निशाणावरचं 'फ्लर द ली', अर्थ लिलीचं फूल. म्हणून त्यांनी १९६३ साली प्रांताचं फूल पण पांढरी लिली ठरवलं. मग लोक म्हणायला लागले की अहो ही लिली क्यूबेकमधली नाहीच, ती बाहेरून आणलेली. शेवटी १९९९ मध्ये बदलून तिथलंच निळं आयरिस केलं. आणि त्या आयरिसला इंग्रजीत काय म्हणतात माहितीये? 'ब्लू फ्लॅग'! निळा झेंडा. इथला फ्लॅग म्हणजे झेंडा नव्हे हं, तो वेताला-लव्हाळ्याला जुना शब्द आहे, पण योग बघा.

टिटवी
१६ एप्रिल, सकाळी ८:२०

झेंडू आणि ब्लू फ्लॅग, दोन्ही नावात झेंडा. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण माझं कोण ऐकतंय.

येऊरवाला
१६ एप्रिल, सकाळी ९:००

टिटवी, तुमच्यासाठी आणखी एक. पळस, पांगारा, गोकर्ण यांच्या फुलात एक पाकळी बाकीच्यांपेक्षा मोठी आणि ताठ उभी असते, तिला वनस्पतीशास्त्रात ध्वजक म्हणतात. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांतली एक चट्टेपट्टेवाली वेगळी असते ना, तिचाही थाट तोच. म्हणजे झेंडा फुलातच असतो.

पांगारा जपानमध्ये ओकिनावाचं फूल आहे, तिथे त्याला देइगो म्हणतात. आपण त्याला कुंपणाला लावतो.

सोनचाफा_वाशी
१६ एप्रिल, सकाळी ११:४५

गुलमोहराची ती चट्टेरी पाकळी आम्ही शाळेत खायचो, आंबट लागते. आणि पुंकेसर काढून त्यांचे कोंबडे लढवायचो, एकाचं डोकं दुसऱ्यात अडकवून ओढायचं, ज्याचं डोकं तुटलं तो हरला. बी विंगला गुलमोहर सुचवा मुक्ता, मुलं खूश होतील.

बाबा_डोंबिवलीकर
१६ एप्रिल, दुपारी १२:१०

गुलमोहर मादागास्करचा. आपलं वाटणारं हवंय ना?

सोनचाफा_वाशी
१६ एप्रिल, दुपारी १२:३०

बाबा, मी पण मूळची बेळगावची. चाळीस वर्षं वाशीत आहे. मला काढणार का?

बाबा_डोंबिवलीकर
१६ एप्रिल, दुपारी १२:३४

माघार.

सात_नंबर_प्लॅटफॉर्म
१६ एप्रिल, दुपारी ३:२०

झेंडा छापून घेणार असाल तर आमचा अनुभव ऐका. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने चाफ्याच्या फुलाचा झेंडा फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतला. त्याने नेटवरून कुठलातरी फोटो उचलला. झेंडा उलगडला तर चाफ्याच्या पाकळ्यांवरून तिरकी फिकट अक्षरं, फोटो विकणाऱ्या कंपनीचं नाव, पाच ठिकाणी. उपाध्यक्ष म्हणाले लांबून दिसत नाही. लांबून तेवढंच दिसत होतं. वर त्या कापडाला हवा लागली की ते फडकत नव्हतं, खडखड वाजायचं. शिवूनच घ्या.

संपादक_मंडळ
१६ एप्रिल, संध्याकाळी ५:००

चर्चा छान चालू आहे, दोन राजकीय प्रतिसाद उडवले आहेत, कमळावरचे विनोद पुरे.

एक महत्त्वाचं. १ मे ला तुमच्याकडे तिरंगा पण लागणार असेल तर भारतीय ध्वज संहिता २००२ लक्षात असू द्या. तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा झेंडा लावायचा नाही. विंगांचे झेंडे बाजूला, मैदानाकडे, कमी उंचीवर लावा. आपल्या राज्यांना अधिकृत वेगळे झेंडे नाहीत हेही कुणीतरी वर गृहीत धरल्यासारखं वाटलं म्हणून सांगतो. राज्यफूल आहे, राज्याचा झेंडा नाही.

मुक्ता_नेरूळ
१६ एप्रिल, संध्याकाळी ५:२०

धन्यवाद संपादक, कमिटीला पाठवते. पण आमच्याकडे दरवेळी ध्वजस्तंभाला झेंडूची माळ गुंडाळतात, ते चालतं का?

संपादक_मंडळ
१६ एप्रिल, संध्याकाळी ५:४१

नाही. स्तंभावर किंवा त्याच्या वर फुलं, हार, काही ठेवायचं नाही असं संहितेत स्पष्ट आहे. मात्र विशेष प्रसंगी फडकवण्याआधी तिरंग्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला परवानगी आहे. म्हणजे फुलं बाहेर नाहीत, आत चालतात.

सात_नंबर_प्लॅटफॉर्म
१६ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

त्या पाकळ्या कोरड्या ठेवा हो! आमच्याकडे एका २६ जानेवारीला वॉचमनने पाणी मारून ताजा ठेवलेला झेंडू सोलून आत भरला. दोरी ओढली, गाठ सुटली आणि पाकळ्या उधळायच्या ऐवजी एक ओला गोळा थेट प्रमुख पाहुण्यांच्या टकलावर. राष्ट्रगीत चालू झालेलं, त्यामुळे पाहुणे हलले नाहीत. बावन्न सेकंद तो गोळा डोक्यावर. एवढं देशप्रेम मी आजवर बघितलेलं नाही.

चहाटळ
१६ एप्रिल, संध्याकाळी ६:१८

मेलो. ऑफिसच्या लोकलमध्ये एकटाच हसतोय, शेजारचे सरकून बसले.

पामबीच_पंत
१६ एप्रिल, रात्री ८:००

कमळावरचे विनोद पुरे म्हणालात पण माहिती तर चालेल ना? मकाऊच्या १९९९ च्या झेंड्यावर हिरव्यात पांढरं कमळ आहे, खाली पूल आणि पाणी. बांगलादेशच्या राजचिन्हावर मात्र कमळ नाही, शापला म्हणजे कुमुद आहे, आपले लोक दोन्हीला कमळच म्हणतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे पान. कमळाचं पान अखंड गोल असतं, देठ मधोमध आणि बरीच पानं पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी. कुमुदाचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते.

आणि नेदरलँडमधल्या फ्रीसलंडच्या झेंड्यावर सात लाल बदाम आहेत, पत्त्यातल्यासारखे. ते बदाम नाहीत, पिवळ्या कुमुदाची पानं आहेत! बघणाऱ्या दर माणसाला वाटतं किती प्रेमळ लोक.

आईची_मशीन
१७ एप्रिल, सकाळी १०:५०

सगळे देश फिरून झाले असतील तर टेलरच्या प्रश्नाकडे येऊ का? माझी आई तीस वर्षं शिवणकाम करते (ठाणे पूर्व, कोपरी), तिला धागा वाचून दाखवला. ती म्हणते ताम्हणच घ्या, सगळ्यात सोपं आहे. कारण सहा पाकळ्या. कागद गोल कापा, अर्धा दुमडा, मग त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग करून दुमडा, आता एकच पाकळी कापा, उघडलं की सहा. पाच पाकळ्यांचं फूल हाताने सारखं दुमडायला बसलात तर अर्धा तास जातो आणि एक पाकळी बारीक येतेच.

चुण्या शिवायच्याच नाहीत. पाकळीची कड झिगझॅग कात्रीने कापायची, लांबून ती झालरच वाटते आणि धागे पण सुटत नाहीत. सॅटिन नको, सुळसुळतं आणि कडेला उसवतं. जांभळं टेरीकॉट घ्या, झेंड्याला पांढरं. दोन्ही बाजूंनी फूल लावायचं असेल तर आधी दोन्ही फुलं टाचणीने एकावर एक जुळवा, नाहीतर उन्हात मागच्याची सावली पुढे दिसते आणि बारा पाकळ्या होतात. मधे पिवळा गोल, त्याला लोकरीचे चार टाके.

पाकळ्यांच्या बुडाची ती फट सोडायला विसरू नका, येऊरवाले म्हणाले ते बरोबर आहे, आई म्हणते फट ठेवली नाही तर सदाफुली होईल.

येऊरवाला
१७ एप्रिल, सकाळी ११:०५

आईंना माझा नमस्कार सांगा. वीस वर्षं लोकांना झाडं दाखवतोय, फट एकाही माणसाच्या लक्षात राहिली नव्हती.

बाबा_डोंबिवलीकर
१७ एप्रिल, सकाळी ११:३०

सहा पाकळ्या, मधे पिवळा गोळा. हे पाटीवर काढता येईल. माझा विरोध मागे.

मुक्ता_नेरूळ
२ मे, दुपारी ४:१०

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय कारण काल पाय वळले होते (रस्सीखेच हरलो).

झेंडा आईच्या मशीनवाल्या पद्धतीनेच केला. कापड वाशीत मिळालं, झिगझॅग कात्री आमच्या टेलरकाकांकडेच होती, गेल्या दिवाळीपासून वापरलीच नव्हती म्हणे. पाकळ्या सहा, फटी सहा. सकाळी वारा बरा होता, टेरीकॉट मस्त फडकलं. बी विंगने गुलमोहर घेतला, पण चट्टेरी पाकळीवर ठिपके मारकरने काढले आणि दुपारी घामाच्या हातांनी ते सगळीकडे पसरले. सी विंगने टिटवीताईंचा झेंडू चिकटवला, खरा झेंडू, खराखुरा, दोऱ्यात ओवून. अकरा वाजेपर्यंत नुसता दोरा उरला.

एकच हळहळ. गेटजवळच्या ताम्हणीची छाटणी कमिटीने नेमकी मार्चमध्ये करून घेतली होती, पावसाळ्यापूर्वीची म्हणून. त्यामुळे झाडावर एकच घोस, तो पण पार वर. मी खाली पडलेली तीन फुलं उचलून झेंड्याच्या काठीपाशी वाटीत ठेवली. तिसरीतली एक मुलगी आली, वाटीतलं फूल उचललं, झेंड्याकडे बघितलं, पाकळ्या मोजल्या आणि म्हणाली, "काकू, ह्याला सात आहेत, तुमचं चुकलंय."

येऊरवाला
२ मे, दुपारी ४:३०

कधीकधी सात असतात. तिला येऊरला पाठवा, माझ्या खर्चाने.

यवतमाळी
२ मे, दुपारी ४:४१

सातवी पाकळी टेरिटरीची.

चहाटळ
२ मे, संध्याकाळी ५:०२

सगळं ठीक, पण डी विंगने शेवटी काय घेतलं?

मुक्ता_नेरूळ
२ मे, संध्याकाळी ५:०९

गुलाबी कमळ. चेअरमन धावत गेले तर त्यांनी झेंड्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं, तिथे एक हिरवं पान शिवलेलं होतं, देठापर्यंत चीर असलेलं. म्हणाले, "साहेब, कुमुद आहे." हा धागा त्यांना कुणी दाखवला ते मी शोधतेय.